तू कुठवर आलास?

रात्री पावणेदोनला मी पाच शब्द टाईप केले आणि एका भल्या माणसाच्या वीस तासांच्या वाचनाची माती केली. शब्द असे होते: 'ती किती गोड होती ना!'

एका व्हिज्युअल नॉव्हेलमधल्या मुलीबद्दल बोलणं चाललं होतं. गेम मी आदल्या आठवड्यात संपवला होता, समोरचा अजून अर्ध्यावर होता. तो काहीतरी लिहितोय हे सांगणारी तीन टिंबं दिसली, गेली, परत दिसली. मग एकच शब्द आला.

'होती?'

मी सारवासारव करायला गेलो. 'म्हणजे त्या सीनमध्ये रे.' त्यानं विचारलं, 'कुठल्या सीनमध्ये?' मी म्हटलं, 'कुठल्याच नाही, असंच.' आता 'असंच' या शब्दानं आजवर कोणाचं समाधान झालंय? प्रत्येक मेसेजबरोबर खड्डा खोलच होत गेला. शेवटी 'झोपतो आता' म्हणून पळ काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा मेसेज आला: 'झालं वाचून. होतीच गोड.'

तो घुबड. म्हणजे त्याच्या प्रोफाइलला घुबडाचं चित्र आहे. आमच्या गटात दहा-बारा जण आहेत आणि बहुतेकांची खरी नावं मला माहीत नाहीत. घुबड आहे, चिलखत आहे, अर्धं कापलेलं लिंबू आहे, एक जण नुसता काळा चौकोन आहे. गेम, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, आणि मुख्य म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल यांवर आम्ही गप्पा मारतो. गप्पा कसल्या म्हणा! 'ते संगीत!!!' 'बाराव्या भागाला रडलो.' 'परत पाहिला. परत रडलो.' 'त्या छत्रीबद्दल कोणी बोलू नका.' कोणी खांद्यावरून डोकावून वाचलं तर त्याला वाटेल, ही माणसं तासन् तास काहीच बोलत नाहीयेत. त्याचं फारसं चुकणारही नाही. आम्ही तिथे जे सर्वांत जास्त करतो ते म्हणजे न सांगणं.

हे न सांगणं दुसऱ्या कुठल्या छंदात इतकं लागत नसावं. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे मागे एक चित्र, पुढे उभं असलेलं पात्र, खाली मजकुराची चौकट, आणि आपण क्लिक करत वाचत जायचं. मधूनच दोन-तीन पर्याय येतात. निवडाल तशी गोष्ट फुटते, आणि फुटलेल्या प्रत्येक वाटेला रूट म्हणतात. एका वाटेवर जी मुलगी नुसती मागून चालत जाताना दिसते, ती दुसऱ्या वाटेवर नायिका असते. एका वाटेवरचा सज्जन मास्तर दुसरीकडे भलताच निघतो. त्यामुळे एकच गेम चालू असलेली चार माणसं खरं तर चार वेगळी पुस्तकं वाचत असतात. कादंबरीबद्दल बोलताना 'आवडली का?' असं विचारून सुरुवात करता येते. इथे पहिला प्रश्न ठरलेला: 'तू कुठवर आलास?' उत्तरही पान नंबराचं नसतं. 'दुसरा रूट, गच्चीवरचं भांडण झालं, पत्र अजून उघडलं नाही' असं ते येतं. मग समोरचा मनातल्या मनात नकाशा काढतो: याला काय माहीत आहे, काय नाही, आणि कुठला शब्द आपल्या तोंडून जाता कामा नये.

ही पथ्यं या प्रकाराला जन्मापासूनच चिकटलेली आहेत. १९९४ साली चुन्सॉफ्ट या जपानी कंपनीनं सुपर फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर 'कामाइताची नो योरू' नावाचा गेम काढला. बर्फात अडकलेलं एक लॉज, आत पाहुणे, आणि खून. पात्रांचे चेहरे नाहीत, नुसत्या निळ्या सावल्या. चुकीचे पर्याय निवडत गेलात की प्रेतं वाढत जातात. आणि एका टप्प्यावर खुन्याचं नाव वाचणाऱ्यालाच टाईप करावं लागतं. म्हणजे कोणी एक नाव कानात सांगितलं की सगळा डाव उधळला. त्या कंपनीनं आपल्या गेमना 'साउंड नॉव्हेल' म्हटलं होतं. दोन वर्षांनी लीफ या दुसऱ्या कंपनीनं आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हटलं आणि तेच नाव पुढे सगळ्यांना लागू झालं.

तर मुद्दा न सांगण्याचा. आणि मराठीत न सांगणं महाकठीण आहे.

जपानी वाक्याला कर्ता नसला तरी चालतं. कोणी केलं, बाईनं की बाप्यानं, हे क्रियापदावरून कळतच नाही. तिथला रहस्यकथा लिहिणारा निवांत असतो. आपलं क्रियापद मात्र पोटात काही ठेवत नाही. 'खुनी शेवटी सापडला' की 'सापडली'? एका अक्षरात अर्धे संशयित सुटून घरी जातात. बरं, अनेकवचनात लपावं म्हटलं तर 'सापडले' लिहिताच कोणीतरी विचारतं, 'दोघं आहेत?' गटात यावर बरेच प्रयोग झाले आणि शेवटी 'व्यक्ती' हा शब्द तारून गेला. व्यक्ती स्त्रीलिंगी, पण कोणालाही पोटात घेणारी. 'ती व्यक्ती जेव्हा जिना उतरते तेव्हाचं संगीत ऐक.' दाढीवाले दोन धिप्पाड संशयितसुद्धा आमच्याकडे 'ती'च असतात. आणि त्या 'होती'च्या प्रकरणानंतर मी पात्रांबद्दल फक्त वर्तमानकाळात बोलतो. मेलेली माणसंसुद्धा माझ्या मेसेजमध्ये हसतात, चालतात, चिडतात. सुरुवातीला ते खबरदारी म्हणून होतं. आता तसंच खरं वाटायला लागलंय, कारण पहिला सेव्ह, म्हणजे गेममध्ये जतन करून ठेवलेली सुरुवातीची जागा, उघडला की ती खरंच तिथे उभी असते.

या क्रियापदानं आमच्यातलंही एक गुपित फोडलं. चिलखताला आम्ही सगळे वर्षभर 'दादा' म्हणायचो. गटात सर्वांत जुनं, सर्वांत जास्त वाचलेलं, बोलणं तुटक. 'मी तो रूट संपवला', 'मी ते वाचलंय', 'काल परत चालू केला.' एका रात्री एका शेवटावर जोरदार वाद पेटला आणि चिलखतानं लिहिलं, 'मी रात्रभर जागले यासाठी!' गट दोन मिनिटं गप्प. मग मी मागचे मेसेज चाळत बसलो. वर्षभरात एकही खूण नव्हती. 'संपवला' हे गेमला लागतं, 'वाचलं' हे मजकुराला. सकर्मक क्रियापदांच्या आड एक बाई वर्षभर आरामात बसली होती, आणि एका अकर्मक 'जागले'नं तिला उघड्यावर आणलं. लपवायचं होतं का, असं कोणीतरी भीत भीत विचारलं. 'नाही रे, विषयच निघाला नाही' एवढंच उत्तर आलं. आम्ही 'ताई' म्हणायला लागलो तर म्हणाली, दादाच बरं आहे, सवय झालीये. तेव्हापासून 'दादा म्हणाली' असं वाक्य आमच्या गटात शुद्ध समजलं जातं.

मजकूर झाकायची सोय असते. वाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की त्यावर काळी पट्टी येते, ज्याला बघायचं त्यानं टिचकी मारून बघावं. पण पट्टीही बोलते. 'शेवटी ▇▇▇ येतो' असं कोणी लिहिलं की लोक पट्टीची लांबी मोजतात. तीन अक्षरी नाव, म्हणजे तोच! म्हणून काळा चौकोन प्रत्येक झाकलेल्या नावापुढे 'अअअअअअ' भरतो. त्याची पट्टी कायम एका ओळीची. एकदा त्यानं झाकलेलं मी उघडलं तर आत नुसतं 'अअअअअअअअअ काही नाही, जेवलात का' होतं.

आणि सर्वांत वाईट स्पॉयलर, म्हणजे पुढचं आधीच फोडणारं बोलणं, कुठलं, तर ज्यात काहीच सांगितलेलं नसतं. 'अरे वा, आत्ता सातवा भाग का? बरं बरं. बघ तू.' पुढे एक हसरा चेहरा. आता बिचारा सातवा भाग संपून आठव्याचं शीर्षकगीत वाजेपर्यंत प्रत्येक दाराकडे संशयानं बघत बसतो. हा हसरा चेहरा टाकणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मीही टाकतो, ते वेगळं.

आमच्या भाषेतले काही शब्द बाहेरच्याला कळत नाहीत, पण त्यांची कुळकथा मोठी गोड असते. 'फ्लॅग' घ्या. गेमच्या कोडमध्ये फ्लॅग म्हणजे एक छोटीशी नोंद, हो किंवा नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला छत्री दिलीत तर कुठेतरी आत 'हो' लिहिलं जातं. मग दहा तास काही घडत नाही. अकराव्या तासाला गेम ती नोंद बघतो आणि तुमची गोष्ट एकीकडे वळते. वाचणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसत नाही, पण अंदाज येतो. मग जपानी खेळणारे म्हणायला लागले, 'फ्लॅग उभा राहिला.' पुढे हा शब्द गेममधून निघून ॲनिमेत गेला, तिथून रोजच्या बोलण्यात. 'ही लढाई संपली की गावी जाऊन लग्न करणार' असं एखादा सैनिक म्हणाला की प्रेक्षक ओळखतात: मरणाचा फ्लॅग उभा राहिला, आता हा काही परत येत नाही. आणि त्यातूनही तो वाचला तर फ्लॅग 'मोडला'. प्रोग्रामरच्या वहीतली एक नोंद बघता बघता नियतीचं नाव होऊन बसली. आमच्याकडे कोणी 'आज लवकर झोपणार' म्हटलं की पाच जण एकदम लिहितात, 'फ्लॅग!' आणि तो पहाटे तीनला ऑनलाइन दिसतोच.

हसण्याचंही तसंच. जपानीत हसणे म्हणजे 'वाराऊ', रोमन लिपीत त्याचं पहिलं अक्षर डब्ल्यू. लोक हसायला एक डब्ल्यू, जास्त हसायला दहा डब्ल्यू टाकू लागले. ती ओळ गवताच्या पात्यांसारखी दिसते म्हणून हसण्यालाच 'कुसा', म्हणजे गवत, म्हणायला लागले. फारच हसू आलं तर 'मोठं गवताळ माळरान'. लिंबानं हे ऐकलं त्या दिवसापासून गटात कोणी विनोद केला की तो 'गवत' लिहायचा, फार आवडला तर 'कुरण'. एकदा माझ्या एका विनोदावर त्यानं 'कुंडी' लिहिलं होतं. ते अजून लागलेलं आहे.

गप्पा आणि गेम यांचं नातं मला सर्वांत चांगलं कळलं ते 'हिगुराशी'मुळे. र्‍यूकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाची ही गोष्ट. पहिला भाग ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या कॉमिकेटमध्ये, म्हणजे हौशी निर्मात्यांच्या त्या अवाढव्य मेळाव्यात, विकायला आला. १९८३ सालच्या जूनमधलं एक काल्पनिक खेडं, तिथला वार्षिक उत्सव, आणि दर उत्सवाच्या रात्री एकाचा मृत्यू, एक जण बेपत्ता. चित्रं बेढब, हात तर मोज्यात कोंबल्यासारखे. आणि या गेममध्ये निवडायला पर्यायच नाहीत. एकही नाही. नुसतं वाचत जायचं.

मग हा गेम कसला, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर त्याच्या हप्त्यांत आहे. आधी प्रश्नांचे चार भाग, मग उत्तरांचे चार, आणि शेवटचा ऑगस्ट २००६ मध्ये. चार वर्षं. दोन भागांच्या मध्ये कधी चार महिने, कधी आठ, एकदा तर वर्ष. त्या काळात वाचणारे ऑनलाइन भांडत बसले: शाप आहे, माणूस आहे, कट आहे, आजार आहे, सांगणाराच खोटं बोलतोय. गेममध्ये नसलेले सगळे पर्याय या भांडणांत होते. लेखकालाही ते ठाऊक होतं. कारण भाग भयानक ठिकाणी संपतो, अंगावर काटा उभा असतो, आणि मग मेलेली-मारलेली सगळी पात्रं नाटक संपल्यावर विंगेत जमावं तशी एकत्र येतात, एकमेकांना 'दमलात का' विचारतात आणि आत्ताच घडलेल्या गोष्टीवर तर्क लढवायला लागतात. हे माणसाचं काम की दैवाचं? तुला काय वाटतं? मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण हा हुबेहूब आमचा गट होता. फक्त त्यांच्यातली दोघं-तिघं नुकतीच मेलेली होती.

मी हे सगळे भाग संपून बरीच वर्षं झाल्यावर, एका दमात वाचले. दुसरा संपला की तिसरा तयार. तिढा सुटला, मजा आली, पण ते वाट बघण्याचे महिने मला कोणी देऊ शकत नाही. चिलखत तेव्हा वाट बघणाऱ्यांत होती. आपला तर्क चौथ्या भागानंतर किती भव्य चुकला होता हे ती आजही अशा थाटात सांगते, की बरोबर आलेल्यांचा आपल्याला हेवा वाटत नाही, तिचा वाटतो.

सगळ्याच गप्पा अशा उंचीवर नसतात, उगाच गैरसमज नको. आमचा निम्मा वेळ 'फेट' कुठून सुरू करावं यावर जातो. २००४ च्या त्या गेममध्ये तीन रूट, ठरलेल्या क्रमानंच उघडणारे, त्यामुळे गेमपुरता वाद नाही. पण ॲनिमेत पहिला रूट आला २००६ मध्ये, दुसऱ्याची मालिका दुसऱ्याच स्टुडिओकडून २०१४ मध्ये, तिसरा तीन चित्रपटांत मिळून २०२० ला संपला. मध्ये पूर्वकथा येऊन गेली ती निराळीच. कोणी नवा माणूस भाबडेपणानं 'आधी काय बघू?' विचारतो आणि पुढचे दोन तास त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं.

किंवा 'हारुही' या ॲनिमेचे ते आठ आठवडे. २००९ साली त्या मालिकेनं आठ आठवडे ओळीनं जवळजवळ एकच भाग दाखवला. पात्रं एकाच सुट्टीच्या फेऱ्यात अडकलेली असतात, म्हणून प्रेक्षकही अडकले. आणि आळस म्हणावा तर तोही नाही, प्रत्येक भाग नव्यानं काढलेला, आवाज नव्यानं दिलेले. गोष्टीत तो फेरा १५,५३२ वेळा होतो. लोक संतापले आणि दर आठवड्याला संतापायला हजर राहिले. या वेळी कपडे वेगळे आहेत, कॅमेरा वेगळा आहे, तिनं उसासा आधी टाकला. घुबडानं ते आठही भाग अलीकडे एका दिवसात बघितले आणि गटात आठ वेळा एकच मेसेज टाकला. आठव्या वेळी त्यात एक स्वल्पविराम जास्त होता. तो मी शोधून काढला, याचा मला जरा अभिमानच आहे.

अशा रिकामटेकड्या बडबडीतून कधी कधी भलतंच काही उभं राहतं. एका जपानी चित्रकारानं आपल्या हौशी पुस्तकाच्या कोपऱ्यात एका गेमची नुसती कल्पना म्हणून पानभर रेखाटन केलं होतं: अपंग मुलींची एक शाळा. जानेवारी २००७ मध्ये कोणीतरी ते पान इंग्रजी चर्चेत टाकलं. ओघानं चेष्टा झाली, वाद झाले, आणि मग काही जण म्हणाले, करूया का खरंच? जगभर विखुरलेली, एकमेकांना टोपणनावानं ओळखणारी माणसं. पाच वर्षं गेली. ४ जानेवारी २०१२ ला 'कातावा शोजो' पूर्ण होऊन फुकट उपलब्ध झाला. 'करूया का खरंच' हे वाक्य आमच्या गटात आजवर किमान चाळीस वेळा म्हटलं गेलंय. आमच्या नावावर एक पार्श्वचित्र आणि अडीच ओळींचा संवाद आहे. संवादातली अर्धी ओळ माझी.

लिंबानं ते पार्श्वचित्र काढलं होतं. पाऊस थांबल्यावरचा रिकामा प्लॅटफॉर्म, बाकावर विसरलेली छत्री. चांगलं होतं. तो त्या सुमाराला एक गेम वाचत होता, गोष्ट सात दिवसांची. आम्ही बाकी सगळ्यांनी तो संपवलेला, आणि त्याचा शेवट असा की त्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. रोज रात्री लिंबू सेव्हच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकायचा. तिसरा दिवस, सकाळ. चौथा दिवस, रात्र. आम्ही बाजूला काळ्या पट्ट्यांआड कुजबुजत वाट बघायचो. शेवटचा स्क्रीनशॉट सहाव्या दिवसाच्या संध्याकाळचा होता. बंद दार, आणि खाली दोन पर्याय: 'दार उघड' आणि 'आधी हाक मार'. खाली त्यानं लिहिलं होतं, 'उद्या नक्की संपवतो. कोणी काही बोलू नका.'

पाच जणांनी लिहिलं, 'फ्लॅग!' त्यावर त्यानं 'गवत' लिहिलं.

त्यानंतर तो आला नाही. अशा ठिकाणी माणसं येत नाहीशी होतात, त्यात काही विशेष नाही. नोकरी लागली असेल, पासवर्ड विसरला असेल, कंटाळला असेल. कंटाळ्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते आणि ती मी गटात कधी बोलून दाखवत नाही. याला आता तीन वर्षं होऊन गेली.

गेल्या महिन्यात एक नवा मुलगा आला, प्रोफाइलला पतंग. उत्साही आहे, सगळं वाचलेलं आहे, तो सात दिवसांचा गेमसुद्धा. दोन-तीन दिवस बघून त्यानं विचारलं, 'एक शंका आहे. इथे सगळ्यांनी तो गेम संपवलाय ना? मग शेवट अजून झाकून का लिहिता?'

तीन टिंबं दिसली, गेली, परत दिसली. मग चिलखताचं उत्तर आलं.

'लिंबू अजून सहाव्या दिवसावर आहे.'